सम्राटांची चिल्लर: बायझंटाईन तांब्याची नाणी कशी वाचायची

बायझंटाईन सम्राटांची सोन्याची नाणी देखणी असतात, पण राज्याचं कसं चाललं होतं ते त्यांच्यावरून फारसं कळत नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाईनने सॉलिडस हे सोन्याचं नाणं सुरू केलं. एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे एकाचं वजन साधारण साडेचार ग्रॅम. पुढची सुमारे सातशे वर्षं हे माप आणि सोन्याची शुद्धता जवळजवळ हललीच नाही. सिरिया गेला, इजिप्त गेला, राजधानीला वेढे पडले, तरी सॉलिडस आपला साडेचार ग्रॅमच्या आसपासच. कर सोन्यात घेतला जाई, फौजेचा पगार सोन्यात दिला जाई आणि शेजारच्या राजांना गप्प बसवायचं तर तेही सोन्यानेच. तिथे हात आखडून चालणारं नव्हतं.

तांब्याच्या नाण्याला ही प्रतिष्ठा नव्हती. ते बाजारात भाकरी, तेल, भाजी घेण्यापुरतं. तंगी आली की पहिली कात्री त्याच्यावर चालायची. ते हलकं व्हायचं, लढाई जिंकली की पुन्हा जड व्हायचं, तोडून वापरलं जायचं, जुन्या नाण्यावर नवा छाप मारून पुन्हा बाजारात यायचं. म्हणूनच बायझंटाईन इतिहास नाण्यांवरून समजून घ्यायचा असेल तर सोन्यामागे न लागता तांब्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. खिशालाही ते बरं पडतं. संग्राहक या नाण्यांना सरसकट ब्राँझ म्हणतात. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी जवळजवळ तांब्याचीच असतात, म्हणून इथे मी तांबंच म्हणणार आहे.

हे बायझंटाईन कोण, ते थोडक्यात सांगतो. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग ४७६ मध्ये कोसळला. पूर्वेकडचा भाग, राजधानी कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, १४५३ पर्यंत टिकला. ही माणसं स्वतःला शेवटपर्यंत रोमनच समजत होती.

नुम्मसपासून फॉलिसपर्यंत

पाचव्या शतकात बाजारातला व्यवहार ज्या तांब्याच्या नाण्यावर चालायचा त्याला नुम्मस म्हणत. वजन जेमतेम ग्रॅमभर, आकार नखाएवढा, आणि छाप बहुतेक वेळा अर्धाच उमटलेला. पश्चिमेचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याच्या ४४५ सालच्या एका कायद्यात सॉलिडसचा भाव ७,००० ते ७,२०० नुम्मी धरलेला आहे. चांदीची नाणी रोजच्या वापरात फारशी नव्हती. म्हणजे एका टोकाला सोन्याचं नाणं, दुसऱ्या टोकाला ही टिकली, आणि मधे जवळजवळ काहीच नाही.

हा घोळ निस्तरला तो पहिल्या अनास्टॅशियसने. हा मूळचा राजवाड्यातला एक अधिकारी. सम्राट झेनो ४९१ मध्ये वारला तेव्हा त्याची विधवा एरियाड्नी हिने वारस म्हणून याची निवड केली आणि त्याच्याशी लग्नही केलं. तेव्हा तो साठीच्या घरात होता. त्याचे दोन डोळे दोन रंगांचे होते, त्यावरून त्याला टोपणनावही पडलं होतं. माणूस हिशेबाचा पक्का. ४९८ मध्ये, खजिन्याचा अधिकारी जॉन याच्या हातून, त्याने तांब्याच्या नाण्यांची नवी मालिका काढली. सर्वांत मोठं नाणं ४० नुम्मींचं. त्यालाच आज आपण फॉलिस म्हणतो. त्याखाली २० आणि १० नुम्मींची नाणी आली, आणि काही वर्षांनी ५ नुम्मींचंही.

किंमत नाण्यावरच छापली, आणि तीही अशी की लांबूनच दिसावी. ग्रीक लोक अक्षरांनीच आकडे लिहीत. मू म्हणजे ४०, कॅपा म्हणजे २०, आयोटा म्हणजे १०, एप्सिलॉन म्हणजे ५. फॉलिसच्या मागच्या बाजूवर ते मू हे अक्षर, म्हणजे रोमन लिपीतल्या एमसारखं, अख्खी चकती व्यापून बसलेलं असतं. देवदेवता नाहीत, विजयाचे देखावे नाहीत. भलंमोठं अक्षर आणि आजूबाजूला किरकोळ खुणा. काहींना हे नाणं यामुळे कुरूप वाटतं. मला त्यातला व्यवहारीपणा आवडतो.

पहिले फॉलिस साधारण नऊ ग्रॅमचे होते. ५१२ मध्ये अनास्टॅशियसने वजन दुप्पट केलं. या आकडेमोडीचं फळ त्याला मिळालं. ५१८ मध्ये तो गेला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोनं होतं, असं इतिहासकार प्रोकोपियस लिहितो.

मागची बाजू आधी वाचा

नवखा माणूस आधी चेहरा बघतो. तसं करू नये. या चेहऱ्यांवरून सम्राट ओळखणं अवघड असतं, कारण ठसा कोरणाऱ्याने खऱ्या माणसाशी साम्य साधायचा प्रयत्न क्वचितच केलेला असतो. नाणं उलटवून मागची बाजू पाहिली तर निम्मं काम तिथेच होतं.

मोठ्या अक्षराच्या खाली, तळाशी आडवी अक्षरं असतात. ती टाकसाळीची खूण. ‘कॉन’ असेल तर कॉन्स्टँटिनोपल, ‘निक’ किंवा ‘निको’ असेल तर निकोमिडिया, ‘किझ’ असेल तर किझिकस. थेसालोनिका, कार्थेज, राव्हेना, कॅटानिया यांच्याही अशाच खुणा आहेत. ‘थेउप’ दिसलं तर गोंधळू नका, ते अँटिओक. ५२८ च्या भूकंपानंतर त्या शहराचं नाव बदलून थिओपोलिस, म्हणजे देवाचं नगर, असं ठेवण्यात आलं. अलेक्झांड्रियाचा कारभारच वेगळा होता. तिथे ४० नाही, १२ नुम्मींचं नाणं चालायचं आणि त्यावर आयोटा-बीटा ही जोडी असायची.

मोठ्या अक्षराच्या दोन पायांमधे एक छोटं अक्षर असतं. राजधानीच्या टाकसाळीत तांब्याच्या नाण्यांसाठी पाच विभाग होते, आल्फा ते एप्सिलॉन. एखादी खोट निघाली तर कोणत्या विभागाला जाब विचारायचा ते त्यावरून कळे.

आणि मग तारीख. ही देणगी सम्राट जस्टिनियनची. ५३७ मध्ये त्याने कायदा केला की सर्व दस्तऐवजांवर सम्राटाच्या राज्यवर्षाचा उल्लेख असलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी तो नियम नाण्यांवरही उतरला. मोठ्या अक्षराच्या डावीकडे उभं ‘आन्नो’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘वर्षी’, आणि उजवीकडे रोमन आकडा. जस्टिनियनची पहिली तारीख बाराव्या वर्षाची. तो १ एप्रिल ५२७ ला गादीवर आला, म्हणून बारावं वर्ष एप्रिल ५३८ ते मार्च ५३९. राज्यवर्षात ५२६ मिळवले की ते वर्ष ज्या साली सुरू झालं तो सन मिळतो. फक्त सहा या आकड्यापाशी नवखे अडतात, कारण त्यासाठी रोमन आकडा न वापरता एक वेगळीच ग्रीक खूण वापरलेली असते. ती बरेचदा उलट्या खुर्चीसारखी दिसते.

आता पुढची बाजू. जस्टिनियनपर्यंत सम्राट एका बाजूला पाहत असायचा. बाराव्या वर्षापासून तो थेट समोर पाहतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात चिलखत, उजव्या हातात क्रूस लावलेला गोल. कडेने लॅटिन मजकूर: ‘डॉमिनस नॉस्टर’, म्हणजे आमचा स्वामी, याची दोन अक्षरं, मग नाव, मग ‘शाश्वत ऑगस्टस’ या बिरुदाचा संक्षेप.

हा सगळा मजकूर एकाच नाण्यावर पूर्ण मिळेल ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. शिवराई हाताळलेल्यांना हे सांगायला नको. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं ‘श्री’ एकीवर सापडतं आणि ‘शिव’ दुसरीवर. फॉलिसचंही, विशेषतः सातव्या शतकातल्या, अगदी तसंच आहे. दोन-तीन अर्धवट नाणी शेजारी ठेवून मजकूर जुळवायचा.

वजनाचा चढउतार

जस्टिनियनच्या बाराव्या ते चौदाव्या वर्षातला फॉलिस हातात घेतला की पहिल्यांदा त्याचं वजनच जाणवतं. बावीस-तेवीस ग्रॅम, कधी त्याहून जास्त, आणि व्यास ४० मिलिमीटरपर्यंत. निकोमिडियाच्या टाकसाळीतले तर खासच रुंद. ५३७ मध्ये राजधानीतलं हागिया सोफिया हे चर्च पुरं झालं होतं, उत्तर आफ्रिका जिंकून झाली होती, इटलीत फौजा पुढे सरकत होत्या. एवढं तांबं चिल्लरीवर उधळायची ऐपत तेव्हा सरकारात होती. याच सुमाराचं एक गाऱ्हाणं प्रोकोपियसने नोंदवलं आहे: पूर्वी सराफ एका सोन्याच्या नाण्याला २१० फॉलिस देत, ते जस्टिनियनच्या काळात १८० वर आणले.

मग ५४० मध्ये इराणच्या खुस्रोने अँटिओक लुटलं. ५४१ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर प्लेग आला आणि ५४२ मध्ये तो राजधानीत पोचला. त्यानंतरची नाणी तारखांप्रमाणे ओळीने मांडून तराजूवर ठेवली तर वजन पायरी-पायरीने उतरताना दिसतं. थोड्याच वर्षांत ते अठरा ग्रॅमच्या आसपास येतं. प्लेगचं वर्णन वाचणं वेगळं आणि सोळाव्या वर्षाचं नाणं बाराव्या वर्षाच्या नाण्याशेजारी ठेवणं वेगळं.

जस्टिनियनची राणी थिओडोरा इतकी प्रभावी होती, पण त्याच्या नाण्यांवर ती कुठेही नाही. तिची भाची सोफिया मात्र आहे. जस्टिनियनचा भाचा दुसरा जस्टिन (५६५ ते ५७८) याच्या फॉलिसवर नवरा-बायको एकाच सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. मजकुरात नाव जस्टिनचंच. पुढे जस्टिनला वेड लागलं. चाकांच्या खुर्चीत बसवून त्याला राजवाड्यातून फिरवावं लागे, असं त्या काळचा इतिहासकार इफिससचा जॉन याने लिहिलं आहे. कारभार सोफिया आणि सेनापती टायबेरियस पाहू लागले. नाण्यावरचं जोडपं मात्र त्याच थाटात बसलेलं राहिलं. ही नाणी भरपूर मिळतात, स्वस्त असतात, आणि सुरुवात करणाऱ्याला मी हीच सुचवतो.

त्यानंतर मॉरिस (५८२ ते ६०२). कर्तबगार, पण पैशाला चिकट. ६०२ च्या हिवाळ्यात त्याने फौजेला डॅन्यूबच्या पलीकडेच मुक्काम करायचा हुकूम दिला. सैनिक बिथरले, त्यांनी फोकस नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला पुढारी केलं, आणि मॉरिसला त्याच्या मुलांसह मारण्यात आलं. फोकस नाण्यावर चटकन ओळखू येतो. आधीचे सम्राट बहुधा गुळगुळीत चेहऱ्याचे, याला टोकदार दाढी. त्याच्या बहुतेक फॉलिसवर ग्रीक अक्षराऐवजी चार एक्स आहेत, म्हणजे रोमन पद्धतीने लिहिलेले ४०.

हेराक्लियस, म्हणजे सगळ्यात ओबडधोबड आणि सगळ्यात मजेदार

एकाच सम्राटाची नाणी जमवायची असं ठरवलं तर मी हेराक्लियस (६१० ते ६४१) निवडीन. त्याची नाणी कुरूप आहेत, हे आधीच कबूल करून टाकू. काही तर नाणी कमी आणि चेपलेले तुकडे जास्त वाटतात. पण वाचता येऊ लागली की सोडवत नाहीत.

हा कार्थेजच्या सुभेदाराचा मुलगा. ६०८ मध्ये बापलेकांनी फोकसविरुद्ध बंड पुकारलं. ६१० मध्ये हेराक्लियस आरमार घेऊन राजधानीत आला आणि फोकसला मारून गादीवर बसला. समोर काय वाढून ठेवलं होतं? इराणी फौजांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतलं, मग काही वर्षांत इजिप्त. तिथलं धान्य बंद, कर बंद. ६१५ मध्ये चांदीचं नवं नाणं निघालं, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं: ‘देवा, रोमनांना साहाय्य कर’. चर्चची चांदीची भांडी वितळवली गेली. राजधानीतल्या बैलाच्या चौकात उभा असलेला ब्राँझचा मोठा पुतळाही वितळवून त्याची नाणी पाडली.

तेवढ्यानेही तांबं पुरेना. मग टाकसाळीने जुनी नाणी गोळा केली आणि नव्याने चकत्या ओतण्याच्या भानगडीत न पडता त्यांच्यावरच नवा ठसा मारला. काही वेळा आधीच्या पिढीतला मोठा फॉलिस छिन्नीने तोडून त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा एकेक नवा फॉलिस बनवला. म्हणून हेराक्लियसच्या नाण्याला गोल आकार असेलच असं नाही. एक कड सरळ, एक कोपरा टोकदार, आणि नव्या छापाखालून जुना डोकावतोय, हे नेहमीचं.

असं नाणं वाचायला उजेड तिरपा हवा. खिडकीपाशी बसून नाणं सावकाश फिरवत राहायचं. एखाद्या कोनात सम्राटाच्या पायाखालून कुणा दुसऱ्याच सम्राटाच्या नावाची अक्षरं वर येतात, किंवा जिथे काही असायचं कारण नाही तिथे ‘आन्नो’ दिसतं. खालचा छाप फोकसचा ठरला की नाणं त्यानंतरचं, एवढं तर पक्कं झालं. तारीख नसलेल्या नाण्यांचा क्रम अभ्यासक याच युक्तीने लावतात.

घरातल्या भानगडीही याच नाण्यांवर आहेत. सुरुवातीला हेराक्लियस एकटा. ६१३ मध्ये त्याने तान्ह्या मुलाला, हेराक्लियस कॉन्स्टंटाईनला, सहसम्राट केलं आणि नाण्यावर दोन उभ्या आकृती आल्या, एक मोठी, एक छोटी. थोड्याच वर्षांत तिसरी आली: मार्टिना, त्याची दुसरी बायको आणि सख्खी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी. चर्चने आणि लोकांनी या लग्नावर सडकून टीका केली होती, तरी त्याने तिला चिल्लरीवर उभं केलंच. विसाव्या वर्षापासून, म्हणजे ६२९-३० पासून, ती दिसेनाशी होते आणि पुन्हा बापलेक राहतात. मुलगा आता उंच झालेला, बाप लष्करी वेषात, दाढी पार छातीपर्यंत.

आणि वजन? सुरुवातीचे फॉलिस अकरा ग्रॅमच्या आसपास. युद्ध चिघळलं तसे ते पाच-सहा ग्रॅमवर घसरले. ६२८ मध्ये इराणचा पराभव झाला, आणि विसाव्या वर्षाचा लष्करी वेषातला फॉलिस पुन्हा दहा-अकरा ग्रॅमचा निघाला. हा सुखाचा काळ फार थोडा टिकला. ६३६ मध्ये यार्मुकच्या लढाईत अरबांनी सिरिया हिसकावला आणि नाणं पुन्हा पाच ग्रॅमवर आलं.

सिसिलीत तर नवा छाप मारण्याचीही तसदी घेतली नाही. जुन्याच, झिजलेल्या फॉलिसवर एका बाजूला हेराक्लियसचा छोटा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला सिसिलीचं संक्षिप्त नाव ठोकलं, आणि दिलं बाजारात सोडून. एकाच नाण्यावर दोन सम्राट, दोन टाकसाळी आणि अर्ध्याअधिक शतकाचा वापर. असं एखादं स्पष्ट नाणं दिसलं तर सोडू नये.

नाणी कमी होतात, मग परत येतात

हेराक्लियसचा नातू दुसरा कॉन्स्टन्स (६४१ ते ६६८) याचे फॉलिस तीन-पाच ग्रॅमचे, ओबडधोबड, आणि त्यावर ग्रीकमध्ये ‘या खुणेने जिंक’. याच नाण्यांच्या नकला सिरियातल्या नव्या अरब राज्यात चालत राहिल्या. लोकांच्या हाताला जे नाणं सवयीचं होतं तेच पुढे पाडलं गेलं, राज्य बदललं तरी. कॉन्स्टन्स स्वतः सिसिलीत सिराक्यूसला स्नानगृहात मारला गेला.

त्यानंतरच्या शतकात तांब्याची नाणी विरळ होत जातात. आशिया मायनरमधल्या सार्डिस शहरात दुकानांची एक ओळ उत्खननात सापडली. तिथली नाणी ६१६ पर्यंतची आहेत आणि मग साखळी तुटते. अथेन्स आणि कॉरिंथमध्येही सातव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर फार थोडी नाणी मिळतात. शहरं आक्रसली, बाजार मोडले, चिल्लर कुणाला लागणार? आठव्या शतकात तर तारखेचीही नक्षी झाली. आन्नोच्या जागी तीन एक्स आणि आकड्याच्या जागी तीन एन, कोणतंही वर्ष असो. छापणाऱ्यालाही त्याचा अर्थ उरला नसावा.

थिओफिलस (८२९ ते ८४२) या सम्राटाने गाडी रुळावर आणली. तो घोड्यावरून बाजारात फिरून जिनसांचे भाव विचारायचा, असं इतिवृत्तकार सांगतात. त्याने ४० चं ते जुनं अक्षर काढून टाकलं आणि चार ओळींत सरळ मजकूर घातला: ‘थिओफिलस ऑगस्टस, तू जिंकतोस’. त्याची नाणी मोठ्या संख्येने सापडतात. नंतरच्या सहाव्या लिओची तर आज बाजारात सहज मिळतात, आणि त्यावर ‘लिओ, देवाच्या ठायी रोमनांचा राजा’ हे ग्रीक शब्द बरेचदा पूर्ण वाचता येतात. वाचायला शिकण्यासाठी उत्तम.

यानंतर एक विलक्षण गोष्ट झाली. ९७० च्या सुमारास पहिला जॉन झिमिस्केस याने फॉलिसवरून स्वतःलाच काढून टाकलं. पुढे येशूचा मुखवटा आणि ‘इमॅन्युएल’, मागे ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’. सम्राटाचं नाव नाही, वर्ष नाही, टाकसाळ नाही. हा जॉन आधीच्या सम्राटाचा, निकेफोरसचा, झोपेत खून पाडून गादीवर आला होता. या भक्तिभावात त्याचा किती वाटा होता, याचा अंदाज वाचकांनी करावा. कारण काहीही असो, ही पद्धत सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकली. संग्राहक यांना निनावी फॉलिस म्हणतात आणि त्यांचे प्रकार रोमन अक्षरांनी ओळखतात: ए, बी, सी असे पुढे. हा क्रमही एकावर एक ठोकलेल्या छापांवरूनच लागला. दुसरा बॅसिल पन्नास वर्षांच्या आसपास राज्य करून गेला, बल्गेरिया जिंकला, पण राजधानीच्या तांब्याच्या नाण्यावर त्याचं नाव शोधून सापडणार नाही. यातल्या अनेक नाण्यांना भोक पाडलेलं असतं, ती गळ्यात घालत. भोकामुळे किंमत उतरते. मला तशी नाणी जास्त आवडतात.

पुढचं झरझर सांगतो, कारण तांब्याच्या दृष्टीने तिथे रस कमी आहे. अकराव्या शतकात शेवटी सोन्यातही भेसळ शिरली. १०९२ मध्ये पहिल्या अलेक्सियसने सगळी नाणी बदलली आणि निनावी फॉलिस बंद केले. त्यानंतरची बरीच नाणी बशीसारखी खोलगट आहेत. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा उरलेसुरले ब्राँझचे पुतळेही नाण्यांसाठी वितळवले, याची खंत इतिहासकार निकेटस कोनिआटेसने करून ठेवली आहे.

कल्याणहून तांबं

या नाण्यांचा आपल्याकडे संबंध काय? दक्षिण भारतात बायझंटाईन सोन्याचे सॉलिडस सापडले आहेत. पण मला त्याहून जवळची वाटते ती कॉसमस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याची नोंद. जस्टिनियनच्याच काळात, सहाव्या शतकाच्या मध्याला, त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत ‘कल्लियाना’चं नाव घेतलं आहे, आणि तिथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं असं लिहिलं आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जस्टिनियनचे जाडजूड फॉलिस पाडले जात होते तेव्हाच कल्याणहून तांबं जहाजात चढत होतं. त्याचं पुढे काय झालं ते कॉसमस लिहीत नाही. सिंहलद्वीपाच्या राजासमोर एका रोमन आणि एका इराणी व्यापाऱ्यात वाद झाला आणि राजाने दोघांची नाणी पाहून रोमनांच्या बाजूने कौल दिला, ही गोष्ट मात्र तो खुलवून सांगतो. अर्थात तिथे दाखवलं ते सोन्याचं नाणं. तांब्याचं दाखवलं असतं तर निकाल काय लागला असता कोण जाणे.

जमवताना

आधी एक अरुंद विषय धरावा. जस्टिनियनच्या तेराव्या वर्षाचा एकेक फॉलिस प्रत्येक टाकसाळीचा, किंवा हेराक्लियसचे फक्त दुहेरी छापाचे, किंवा निनावींचा प्रत्येक प्रकार एकेक. सगळे सम्राट जमवायला निघालं की तिसऱ्या-चौथ्या दुर्मीळ नावापाशी पैसे संपतात. बघून शिकायला पैसे लागत नाहीत. वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संस्थेचा बायझंटाईन नाण्यांचा संग्रह जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी आहे आणि त्यातली पुष्कळ नाणी इंटरनेटवर पाहता येतात.

नाणं हातात आलं की ते घासू नका. घरातली तांब्यापितळेची भांडी ज्या चिंचेने, लिंबाने किंवा राखेने लख्ख होतात ती या नाण्यांच्या जिवावर उठतात. वरचा काळपट-हिरवा घट्ट थर ही दीड हजार वर्षांत तयार झालेली त्वचा आहे. तो गेला की बारीक रेषा जातात आणि किंमतही जाते. माती काढायची तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून लाकडी काडीने हळूहळू. मात्र फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटायला लागली तर तो रोग आहे. क्लोराईड आणि हवेतली ओल मिळून धातू खात असतात. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून कोरडं ठेवावं आणि जाणकाराकडून उपचार करून घ्यावेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत.

खोटी नाणी सोन्यात जास्त, पण तांब्यातही आहेत. कडेला साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे, अक्षरांना साबणासारखा गुळगुळीतपणा, ही ओतीव नकलेची लक्षणं. वाळूच्या रंगाचा आकर्षक थर गोंदाने चिकटवलेला असू शकतो, आणि झिजलेल्या नाण्यावर चेहरा नव्याने कोरलेलाही. ऐतिहासिक स्थळांच्या बाहेर ‘आत्ताच शेतात सापडलं’ म्हणून जे खिशातून निघतं ते बहुधा खोटं असतं. खरं असलं तर आणखी वाईट. तुर्कस्तानातून प्राचीन नाणं बाहेर नेणं हा गुन्हा आहे आणि विमानतळावर त्याची झडती होते. आपल्याकडेही १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून मागवायचं तर सीमाशुल्काचे नियम आधी पाहून घ्यावेत आणि जुन्या मालकीचे कागद विक्रेत्याकडे आवर्जून मागावेत. कागद नाहीत म्हणणाऱ्याकडचं नाणं कितीही सुंदर असो, मी घेत नाही.

प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: सम्राट, टाकसाळ, राज्यवर्ष, विभाग, वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, आणि पुढची बाजू सरळ धरून नाणं उभं उलटवलं तर मागचा छाप सरळ येतो की उलटा. खालचा छाप दिसत असेल तर तोही, अंदाज असला तर प्रश्नचिन्हासकट. कुठून आणि कधी घेतलं ते पेन्सिलीनेच लिहा, शाई ओलीने पसरते.